पायथ्याचा झिरा

ही गोष्ट एकाहत्तर सालची. पावसाळा संपला असं सगळ्यांनी धरलं होतं, छत्र्या वाळवून खुंटीला लागल्या होत्या, आणि मग काहीतरी विसरल्यासारखा तो अर्ध्या वाटेतून परत आला.

बंधारा तसा लहानच. नुसत्या मातीचा. ह्या टेकडीपासून त्या टेकडीपर्यंत चारशे पावलं लांब, आणि चार माणसं एकाच्या खांद्यावर एक उभी राहिली तर वरच्याचं डोकं दिसावं एवढा उंच. पूर्वी दर पावसाळ्यात ओढा चवताळून खालच्या वस्तीत शिरायचा. भांडीकुंडी न्यायचा, कोंबड्या न्यायचा, एकदा तर पाळण्यासकट तान्हं मूल घेऊन गेला होता. त्यानंतर हा बंधारा झाला. पाणी साठवण्यासाठी तो बांधलाच नव्हता, थोपवण्यासाठी बांधला होता. पूर आला की भरावाने तो छातीवर घ्यायचा आणि तळातल्या मोरीतून बेताबेताने खाली सोडायचा. आठ-दहा दिवसांत बंधारा रिकामा. बाकीचं वर्ष तो रिकामाच ठेवावा, असं नियमांच्या पुस्तकात पहिल्याच पानावर छापलेलं होतं.

बंधाऱ्याच्या एका टोकाला राखणदाराची खोली. एक खोली, एक पडवी, वर पत्रा. त्यात राखणदार, त्याची बायको आणि त्याची आई. एकुलती एक मुलगी लग्न होऊन शहरात गेलेली. बायकोला सगळे राखणदारीणच म्हणत. सासूला मुकादमीण म्हणत, कारण बंधारा बांधला जात असताना पाट्या वाहणाऱ्या चाळीस बायकांवर तिचा हुकूम चालायचा. आता कमरेखालचं अंग गेलं होतं आणि ती पाच वर्षं खाटेवर होती, पण हुकूम काही गेला नव्हता.

राखणदाराचं काम रोज सकाळी भरावाची फेरी मारायचं. आधी माथ्यावरून, मग पायथ्यावरून. उंदरा-घुशींची बिळं दिसली तर बुजवायची, झाडाचं रोप दिसलं तर उपटायचं, पायथ्याला कुठे ओल दिसली तर लगेच कळवायचं आणि वहीत लिहायचं. पण सात वर्षांपूर्वी तो ओल्या दगडांवरून घसरला आणि खुबा वाकडा बसला. सपाटीवर काठी टेकत चालता यायचं, उतार मात्र बंद. हे वर कळलं असतं तर नोकरी गेली असती आणि नोकरीबरोबर खोली. म्हणून दोघांनी काम वाटून घेतलं. सकाळी तो माथ्यावरून निघायचा, ती पायथ्यावरून. वर काठीची टकटक, खाली तिच्या वहाणांची चटचट. अधूनमधून तो थांबून खाली ओरडायचा,

"आहे का काही?"

ती वर ओरडायची, "काही नाही!"

परत आल्यावर तो वही उघडून तारखेपुढे लिहायचा : झिरपा नाही. खाली सही.

चार वर्षांपूर्वी मळेवाल्याने पाटबंधारे खात्याच्या साहेबांना मधे घातलं. मळेवाला म्हणजे खालच्या अंगाला ज्याची फळबाग होती तो. मोरीचा दरवाजा बंद करून सहाव्या रेघेपर्यंत पाणी ठेवायचं आणि त्यावरचं त्याच्या बागेच्या पाटाने जाऊ द्यायचं ठरलं. पाण्यात उभ्या केलेल्या खांबावर उंचीच्या दहा रेघा रंगवल्या होत्या, त्यातली सहावी. नियमांच्या पुस्तकाचं पहिलं पान तेव्हापासून कोणी उघडलं नाही. आणि त्याच वर्षी एका सकाळी राखणदारिणीला पायथ्याशी ताटाएवढी ओली जागा दिसली. भोवतालचं गवत जरा जास्तच हिरवं होतं. तिने बोट खुपसलं. बोटाच्या खळग्यात पाणी जमलं, स्वच्छ.

"आहे का काही?" वरून आवाज आला.

त्या दिवशी पहाटे तिने विहिरीवरून सहा घागरी आणल्या होत्या. विहीर टेकडीपलीकडे. घरात खाटेवरचं माणूस, म्हणजे रोजच्या दोन चादरी धुवायच्या, कधी तीन. तिचे दोन्ही खांदे भाजल्यासारखे दुखत होते.

"काही नाही," ती म्हणाली. उद्या सांगू, असं मनाशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने खुरप्याने जागा थोडी खोल केली. आठवड्याने भोवती दगड रचले. महिन्याने धुण्यासाठी एक सपाट दगड ओढून आणला. हात बुडेल एवढा झिरा झाला. पाणी असं की तामचिनीचा पांढरा वाडगा भरला तर तळाला रंगवलेलं निळं फूल स्वच्छ दिसायचं. ते फूल बघायची तिला सवयच लागली. सांगायचं ती रोज ठरवायची आणि रोज ते एका दिवसाने जड व्हायचं. काल का नाही सांगितलंस, असं कोणी विचारलं तर उत्तर नव्हतं. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याला लिहावं लागलं असतं. त्याने लिहिलं असतं तर साहेब विचारणार, पायथा कोण बघतं? सगळ्या वाटा फिरून त्या खोलीच्या दाराशीच येत होत्या.

*

एकाहत्तर साली पाऊस थांबल्यावर साहेब तपासणीला आले. जीपमध्ये त्यांच्या शेजारी मळेवाला बसला होता, जणू बंधारा त्याच्याच मालकीचा.

राखणदाराने इस्त्रीचा सदरा घातला होता. इस्त्री म्हणजे रात्रभर उशीखाली ठेवलेला.

"झिरपा?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब."

"पायथा स्वतः बघतोस?"

"रोज बघितला जातो, साहेब."

साहेबांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "जरा त्या खांबापर्यंत चालून दाखव."

राखणदार चालला. काठी त्याने मुद्दाम पडवीत ठेवली होती. दहा पावलं त्याने ओठ आवळून सरळ टाकली, अकराव्याला खुबा बाहेर गेला.

"पाय कधीपासून असा?"

"जुना आहे, साहेब."

"जुना आहे की मोडका आहे?"

मळेवाला हसला. राखणदारही हसला. हातात चहाचे कप घेऊन उभ्या असलेल्या राखणदारिणीला त्याचं ते हसणं पाहवेना. तिने मान खाली घातली.

"ह्या खोलीसाठी माझ्याकडे दहा अर्ज पडलेत," साहेब म्हणाले. "दोन्ही पायांची माणसं. लक्षात ठेव. दरवाजाचं चाक फिरव बघू."

चाक फिरलं नाही. चार वर्षं न फिरवलेलं, गंजून एकजीव झालेलं. राखणदाराने अंगाचं ओझं टाकलं, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, तळहाताला गंज लागला, बस.

"अहो साहेब, आता कशाला छेडता त्याला?" मळेवाला म्हणाला. "पाणी ओसरलं की तेल पाजू. चहा निवतोय."

साहेबांनी कप घेतला आणि उताराकडे बघितलं. गवत ओलं होतं, बूट कोरे होते. ते खाली उतरले नाहीत. पण त्यांची नजर खाली एका जागी थांबली.

"ते पांढरं काय दिसतंय?"

झुडपांवर मुकादमिणीच्या दोन चादरी वाळत होत्या. राखणदारीण घाईने पुढे झाली.

"आमच्याच चादरी, साहेब. खाली वारा चांगला लागतो."

साहेब क्षणभर बघत राहिले. घरापासून इतक्या लांब, पायथ्याशी चादरी का, हा प्रश्न त्यांच्या तोंडापर्यंत येतो आहे असं तिला स्पष्ट दिसलं. मग त्यांनी चहाचा घोट घेतला.

"सरकारी भरावावर कपडे वाळत घालायचे नाहीत."

"नाही घालणार, साहेब."

*

दोन दिवसांनी कुंभारीण आली. खालच्या वस्तीत कुंभारांची आठ घरं होती आणि त्यातली ही थोरली, राखणदारीण तिला अक्का म्हणायची. झिऱ्याचं गुपित तिला एकटीला ठाऊक होतं. दोघी पाण्यात पाय सोडून बसल्या. अक्काने सवयीने हात तळाशी घातला, मूठभर गाळ काढला आणि बोटांनी मळत राहिली.

"अगं, ही माती कुठून आणलीस? लोण्यासारखी आहे."

"मी कशाला आणू? तळाला साठते. अलीकडे जरा जास्तच."

"भांड्यांवर लेप द्यायला काय सुरेख आहे ही!" असं म्हणून तिने पदरात गोळा बांधून नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत आली ती नवऱ्याला घेऊनच. कुंभार कमी बोलणारा माणूस. तो झिऱ्याकाठी उकिडवा बसला, गाळ काढला, चोळला, जिभेला लावून बघितला.

"वहिनी, ही माती इथली नाही. इथली तांबडी, वाळली की तडकते. ही करडी पाच कोसांवरच्या तळ्यातली. माझ्या बापाने गाढवांवर लादून आणली होती, दोन वर्षं. तुमच्या सासूबाईंच्या बायकांनी ती पायांनी तुडवली."

"कशासाठी?"

कुंभाराने हाताने भरावाकडे दाखवलं. "त्याच्या पोटात घालायला. मधोमध, वरपासून खालपर्यंत ह्याच मातीची भिंत आहे. पाणी आरपार जाऊ नये म्हणून." त्याने हात धुतले. "मग ती इथे कशी आली?"

राखणदारिणीने भरावाकडे आणि मग झिऱ्याकडे बघितलं.

"ह्यांना सांगू नका, कुंभारदादा," ती म्हणाली.

"मी कशाला सांगू? सांगायचं तर तुम्हीच."

तो उठून चालू लागला. अक्का मागे थांबली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"माझ्या उंबऱ्यातून हा भराव दिसतो गं," ती म्हणाली. "सकाळी दार उघडलं की आधी हाच दिसतो."

त्याच दुपारी आभाळ भरून आलं. आणि संध्याकाळच्या आत राखणदारिणीला माथ्यावरून दिसलं, की कुंभाराच्या घरची सगळी माणसं कच्ची मडकी काखेत घेऊन एकामागे एक टेकडी चढताहेत.

*

पाऊस पडायला लागला तो पडतच राहिला. वारा नाही, गडगडाट नाही. नुसता उभा पाऊस, दिवसभर आणि रात्रभर, पत्र्यावर मुठीने धान्य टाकत राहावं तसा. पहिल्या दिवशी सातवी रेघ बुडाली. दुसऱ्या दिवशी आठवी बुडून पाणी नवव्याकडे निघालं. राखणदार डोक्यावर पोतं घेऊन चाकाशी झुंजत होता. तेल पाजून झालं, घण मारून झाला.

"मोरी उघडी असती तर एवढं पाणी चढलंच नसतं," तो म्हणाला. "ह्याच्यासाठीच तर बांधला होता हा."

मुकादमीण खाटेवरून ओरडली, "मग मळेवाल्याला बोलाव. त्याला जुंप चाकाला बैलासारखा!"

दुसऱ्या दिवशीची फेरी तिने पावसात मारली. झिऱ्याचं पाणी ताकाच्या निवळीसारखं झालं होतं. वाडग्यातलं निळं फूल दिसत होतं, पण पुसट.

"आहे का काही?"

ती वर बघत उभी राहिली. पावसातून त्याचा चेहरा दिसत नव्हता, पोत्याखालचं एक वाकडं माणूस तेवढं दिसत होतं.

"काही नाही!"

तिसऱ्या दिवशी सकाळी फूल दिसलंच नाही. वाडगा गढूळ, पांढुरका. झिऱ्याच्या तळाशी वाळू उसळत होती, चुलीवर आधण खदखदावं तशी, आणि उसळीबरोबर करडी माती वर येऊन काठावरून वाहून जात होती. तिने रचलेले दगड एका बाजूने खचले होते.

"आहे का काही?"

तिने वाडगा उपडा केला आणि पुन्हा भरला.

"अगं, आहे का काही?"

सात वर्षांत पहिल्यांदाच खालून उत्तर आलं नाही. माथ्यावर काठी थांबली. मग तिने जे बघितलं ते ती पुढे कधी विसरली नाही. राखणदाराने काठी खाली फेकली, तो भरावाच्या काठाला बसला आणि दोन्ही हात मागे टेकून बसल्या बसल्या उतारावरून घसरत यायला लागला. चिखल, गवत, दगड, कशाचीच पर्वा नाही. मधे एकदा तो कुशीवर कलंडला आणि ओरडला. पायथ्याशी आला तेव्हा सदरा पाठीवर गोळा झाला होता आणि कोपरं सोलली होती.

त्याने झिरा बघितला. रचलेले दगड बघितले. मग धुण्याचा दगड बघितला. साबणाने गुळगुळीत झालेला, मधे खोलगट पडलेला.

"हा केव्हाचा?"

"चार वर्षांचा."

त्याने दगडाच्या खोलगट भागावरून हात फिरवला.

"मी चार वर्षं काय लिहिलं मग?"

"मी सांगितलं ते."

तो तिला मारेल असं तिला वाटलं. मारावं असंही वाटलं. पण त्याने उसळत्या वाळूत हात घातला, मनगटापर्यंत, कोपरापर्यंत. हात अडलाच नाही.

"मला वर ने," तो म्हणाला.

तिने त्याला पाठुंगळी घेतलं. पाच वर्षं सासूला उचलून उचलून तिची पाठ तयार झाली होती, तरी त्या ओल्या उतारावर गुडघे टेकत, गवताचे झुबके धरत वर चढताना तिला मधे तीनदा थांबावं लागलं. कानाशी त्याचा श्वास लागत होता.

*

"चिखल खाऊन आलात का दोघं?" मुकादमीण म्हणाली. मग तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे ह्याला ठाऊक नव्हतं? मला वाटलं तुम्हा दोघांचं ठरलंय."

राखणदारीण दचकली. "तुम्हाला ठाऊक होतं, आत्याबाई?"

"पूर्वी तू विहिरीवर गेलीस की माझी एक झोप पुरी व्हायची. आता डोळा लागायच्या आत चादरी पिळून येतेस. पाय गेलेत माझे, डोकं नाही."

"मग बोलला का नाहीत?"

म्हातारीने तोंड भिंतीकडे वळवलं. "चादरी माझ्याच होत्या ना."

राखणदार म्हणाला, "पोती भरून भोक बुजवतो."

"खबरदार!" म्हातारी कोपरांवर उठली. "बुजवलंस तर दुसरीकडून फुटेल आणि मग देवसुद्धा धरू शकणार नाही. पहिल्या वर्षी असाच रडला होता तो, त्या टोकाला. ओव्हरसियरने आम्हाला काय टाकायला लावलं ठाऊक आहे? आधी वाळू, जाडी. वर बारीक गोटे. वर मोठे दगड. पाणी येऊ द्यायचं, माती येऊ द्यायची नाही. गाळणीसारखं. चाळीस बायका लावल्या होत्या मी, दीड दिवस."

"आज चाळीस बायका कुठल्या?" राखणदारीण म्हणाली आणि तिने पोतं डोक्यावर घेतलं.

फोन एका मळेवाल्याकडेच होता. तो ओसरीवर कोरडा ठणठणीत उभा होता.

"साहेबांना कळवायचंय," ती म्हणाली. "भराव माती सोडतोय."

"फोन बंद आहे पावसाने."

आत फोन वाजला. दोघंही तो वाजताना ऐकत राहिली. मळेवाल्याच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

"कधी चालू असतो, कधी बंद," तो म्हणाला. मग खाली वाकून, जवळजवळ मायेने म्हणाला, "हे बघ, साहेब आले की पहिल्यांदा वही उघडतील. त्यात माझी सही कुठे आहे का? तुझ्या नवऱ्याची आहे. रोजची. पाऊस उद्या थांबेल. जा, घरी बस."

घरी ती बसणार कशी? तिचं घर त्या भरावावरच होतं. ती वस्तीत गेली आणि कुंभारांच्या आठही घरांच्या मधे, चिखलात उभी राहून तिने सगळं सांगितलं. झिरा, धुण्याचा दगड, चार वर्षं, सगळं. असं भर रस्त्यात बोलायची तिची आयुष्यातली पहिलीच वेळ. एका म्हाताऱ्याने तिच्या पायाशी थुंकलं. एक बाई म्हणाली, "चादरींसाठी? बाई गं, आमच्या जिवावर चादरी धुतल्यास?"

"नंतर भांडा," टेकडीवरून उतरून आलेली अक्का म्हणाली आणि तिने दारातली पाटी उचलली.

म्हातारी-कोतारी आणि मुलं टेकडीवर पाठवली, एक जण साहेबांना कळवायला शहराच्या वाटेला पायी लागला, आणि बाकीचे तीसेक जण पायथ्याशी आले. वाळू ओढ्यातून, गोटे रस्त्याच्या कामाच्या ढिगातून, दगड मिळेल तिथून. मुकादमीण काही ऐकेना. शेवटी चौघांनी तिची खाट उचलून माथ्याच्या काठावर ठेवली, वर छत्री बांधली, आणि तिथून तिचा आवाज सुरू झाला.

"बारीक वाळू नको रे, ती वाहून जाईल! जाडी, जाडी! ए लंबू, पाटी रिकामी का चाललीय? अगं तू, कुंभाराची सून ना? तुझी आजेसासू तुझ्यापेक्षा दुप्पट वाहायची!"

"म्हातारे, पाऊस पितेस का नुसती, खाली ये!" कोणीतरी ओरडलं.

"पाय दे तुझे, येते!"

त्या भीतीतही माणसं हसली. राखणदार पायथ्याशी बसून होता, त्याला पुन्हा खाली आणावं लागलं होतं. बसल्या जागेवरून तो हातांनी वाळू पसरत होता. राखणदारीण त्याच्या हातात पाट्या देत होती. पाटी घेताना तो तिच्याकडे बघत नव्हता. वाळूचा पहिला थर उसळीने गिळला. दुसराही गिळला. तिसरा राहिला. त्यावर गोटे पडले, गोट्यांवर दगड, आणि ढीग माणसाच्या छातीएवढा झाला. तिन्हीसांजेला पाऊस जरा मंदावला. दगडांच्या फटींतून पाणी येत होतंच. राखणदाराने हात पुढे केला.

"वाडगा."

तिने वाडगा दिला. त्याने भरला, उजेडाकडे धरला, आणि बराच वेळ बघून मग तिच्यापुढे केला. तळाला निळं फूल होतं.

*

दुसऱ्या दिवशी उघडलं. साहेब आले, बरोबर चार मेकॅनिक आणि जॅक. दुपारपर्यंत दरवाजा हातभर उचलला गेला आणि मोरी घशातलं अडकलेलं निघावं तशी गरजली. साहेब ह्या वेळी पायथ्यापर्यंत उतरले. बूट बुडाले. ढिगाभोवती दोनदा फिरले आणि मग खोलीत येऊन म्हणाले, "वही."

राखणदाराने आदल्या रात्री सगळं लिहिलं होतं. तारीख, वेळ, गढूळ पाणी, चाक फिरत नाही, चार वर्षं झिरपा असूनही लिहिला नाही, पायथा मी बघत नाही, बायको बघते. एक अख्खं पान. लिहून झाल्यावर तो बायकोला एवढंच म्हणाला होता, "सामान बांधायला घे." आणि कित्येक वर्षांत तो झोपला नव्हता तसा गाढ झोपला होता. तिने खरंच सामान बांधलं होतं. दोन गाठोडी दाराशी होती.

साहेबांनी पान वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे कोणी सांगितलं होतं लिहायला?"

"घडलं ते लिहिलं, साहेब."

"घडलं ते!" साहेबांनी दार लावून घेतलं. त्यांच्या गालाची शीर उडत होती. "ह्या पानाने तू जाशील, ते कळलं. पण दरवाजा बंद ठेवायची परवानगी कोणाची होती? माझी. आणि त्या चादरी मी बघितल्या होत्या." त्यांनी राखणदारिणीकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. त्यांच्याकडे खिशातलं छोटं पातं होतं, त्याने त्यांनी पान शिवणीपासून सफाईने कापलं आणि घडी करून खिशात टाकलं. "खाली दगडांचा ढीग आहे, तो जुन्या कामातला. नव्या पानावर लिही. तिन्ही दिवसांचं."

राखणदाराने दाराशी ठेवलेल्या गाठोड्यांकडे बोट दाखवलं.

"साहेब, आम्ही जातो की. सामान बांधलंय."

"कुठे जाणार?" साहेब म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "आईला घेऊन कुठे जाणार तू, ह्या पायाने? खोली तुमचीच राहील. लिही."

खाटेवर मुकादमीण होती. राखणदाराने पेन उचललं. कालचं पान त्याने न थांबता लिहिलं होतं. हे दोन शब्दांच्या तीन ओळींचं लिहायला त्याला किती वेळ लागला ते राखणदारीण भिंतीशी उभी राहून बघत होती. लिहून झाल्यावर त्याने सही केली. साहेबांनी वही वाऱ्यावर धरून शाई वाळवली.

ते गेल्यावर तिने दोन्ही गाठोडी सोडली आणि भांडी पुन्हा फळीवर मांडली.

सकाळी तो माथ्यावरून निघाला, ती पायथ्यावरून. ढिगाशी ती थांबली. दगडांतून पाणी येत होतं, स्वच्छ, बोटाएवढ्या धारेने. वर काठी थांबली. आज तो विचारणार नाही असं तिला वाटलं.

"आहे का काही?"

"काही नाही!" ती ओरडली.

*

मुकादमीण त्याच हिवाळ्यात गेली. शेवटच्या दिवसांत तिला वाटायचं की आपण अजून माथ्यावर आहोत, आणि ती पत्र्याकडे बघून वाळू मागायची. मळेवाल्याने पुढच्याच वर्षी दरवाजा पुन्हा सहाव्या रेघेला बसवून घेतला. त्याची बाग वाढली, मग मुलांनी वाटून घेतली, मग विकली. साहेब मोठ्या हुद्द्यावर चढले. ते पान त्यांनी फाडलं की जपून ठेवलं, कोणाला कळलं नाही. कुंभारांची आठ घरं दोन वर्षांत टेकडीवर गेली. अक्काने राखणदारिणीशी पुन्हा बोलायला चौदा महिने लावले. मग एक दिवस नवं मडकं घेऊन आली आणि म्हणाली, "पाण्याला ठेव. ह्याची माती इथली नाही." दोघी हसल्या, पण झिऱ्याकाठी पुन्हा कधी बसल्या नाहीत. बंधारा अजून उभा आहे.

राखणदार आणखी एकोणीस वर्षं त्या खोलीत राहिला आणि रोज दोन शब्द लिहून सही करत राहिला. निवृत्त झाला त्या वर्षीच वारला. शेवटपर्यंत त्याने तिला त्या चार वर्षांबद्दल एक शब्द विचारला नाही, आणि ते तिला फार जड गेलं.

ती मग शहरात मुलीकडे आली. तिथे स्वयंपाकघरात नळ आहे, चोवीस तास पाणी. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून ती तामचिनीचा वाडगा त्या नळाखाली धरते, खिडकीशी नेते आणि उजेडात वाकून बघते. वाडग्याचा टवका उडाला आहे, फूलही अर्धं गेलं आहे.

"आई, काही आहे का पाण्यात?" मुलगी आतून विचारते.

"काही नाही," ती म्हणते, आणि पाणी ओतून वाडगा पुन्हा भरते.